यादवीनंतरची अमेरिका

अमेरिकेंत इ. स. १८६१ च्या एप्रिल महिन्यांत यादवी युद्ध पेटलें, त्याची खरी वार्ता मुंबईच्या बाजारास कापसाच्या भावांतून कळली. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली, त्यामुळें लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि आमच्या गुजराथ-वऱ्हाडच्या कापसास कधीं न पाहिलेला भाव आला. चार वर्षें मुंबईंत पैशाचा पूर लोटला होता. नवनव्या बँका निघत, नवनव्या कंपन्या निघत, आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजनांचे शेअर हातोहात खपत. १८६५ सालीं युद्ध संपल्याची बातमी आली आणि भाव कोसळला. त्याबरोबर पेढ्या बुडाल्या, कित्येकांचीं घरेंदारें गेलीं. ज्यांच्या देणगींतून राजाबाई टॉवर उभा राहिला ते शेट प्रेमचंद रायचंदही त्या तडाख्यांतून सुटले नाहींत.

मुंबईकरांपुरती कथा येथें संपली. शाळेंतील पुस्तकांतही ती बहुधा येथेंच संपते: उत्तरेचा जय झाला, गुलाम मुक्त झाले, लिंकन यांचा खून झाला, धडा संपला. परंतु वर्गांत हा धडा शिकवीत असतां एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, मग पुढें काय झालें? ज्यांनीं बंड केलें ते, ज्यांच्याविरुद्ध केलें ते, आणि ज्यांच्यावरून केलें ते, असे तिघेही पुन्हां एका राज्यांत राहूं कसे लागले?" हा प्रश्न नेहमीं घंटा होण्यापूर्वीं दोन मिनिटें निघतो. म्हणून त्याचें उत्तर या अंकांत सविस्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

युद्धांत सुमारें ६ लक्ष २० हजार सैनिक मेले असा जुना अंदाज आहे. अलीकडील अभ्यासक हा आंकडा साडेसात लक्षांपर्यंत नेतात. रिचमंड, कोलंबिया, अटलांटा या शहरांचे मोठमोठे भाग जळून गेले होते आणि दक्षिणेंतील आगगाडीचे रूळ कोसच्या कोस उखडले होते. परंतु रूळ पुन्हां घालतां येतात, भिंती पुन्हां बांधतां येतात. त्यावरून फारसा तंटा नव्हता. तंटा होता तो निराळाच. फुटून निघालेलीं ११ संस्थानें (येथें संस्थान म्हणजे राजेरजवाड्यांचें नव्हे, तर संघराज्याचा एक स्वायत्त घटक) परत घ्यावयाचीं तीं कोणत्या अटींवर? त्या अटी ठरविण्याचा अधिकार अध्यक्षांचा कीं काँग्रेस नांवाच्या तेथील कायदेमंडळाचा? आणि सुमारें ४० लक्ष माणसें, जीं कालपर्यंत दुसऱ्याची मालमत्ता होतीं, तीं आजपासून कोण?

यांत एक विचित्र पेंच होता, तो समजून घेतल्याशिवाय पुढील भांडण कळावयाचें नाहीं. जुन्या घटनेप्रमाणें प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलामांची गणना तीन माणसें अशी होत असे. गुलामगिरी नष्ट झाली, तेव्हां पांचांची गणना पांच अशी होऊं लागणार. म्हणजे दक्षिणेच्या वांट्यास पूर्वींपेक्षां अधिक जागा येणार! आणि काळ्यांना मत मुळींच दिलें नाहीं तर त्या वाढीव जागांवरही त्यांचे जुने मालकच बसणार. युद्ध हरल्याबद्दल बक्षीस मिळावें असा हा प्रकार होता, आणि तो उत्तरेंतील पुढाऱ्यांच्या नजरेंतून सुटला नव्हता.

लिंकन यांचें धोरण सौम्य होतें. एखाद्या संस्थानांतील १८६० सालच्या मतदारांपैकीं शेंकडा १० जणांनीं एकनिष्ठेची शपथ घेतली कीं तेथें नवें सरकार स्थापावें, असें त्यांनीं १८६३ च्या डिसेंबरांत जाहीर केलें. काँग्रेसमधील कडव्या पक्षास हें फारच स्वस्त वाटलें; त्यांनीं शेंकडा ५० ची अट घालणारें बिल १८६४ सालीं मंजूर केलें, पण लिंकन यांनीं त्यावर सही केली नाहीं. ली शरण आल्यावर दोनच दिवसांनीं, ११ एप्रिल १८६५ रोजीं, त्यांनीं केलेल्या भाषणांत मात्र एक नवी गोष्ट होती. काळ्यांपैकीं जे सुज्ञ आहेत व जे सैन्यांत लढले आहेत त्यांना तरी मत मिळावें, अशी आपली इच्छा त्यांनीं बोलून दाखविली. श्रोत्यांत जॉन विल्क्स बूथ उभा होता. तीन दिवसांनीं त्यानें त्यांच्यावर गोळी झाडली.

लिंकन यांच्या जागीं अँड्र्यू जॉन्सन आला. हा टेनेसीचा राहणारा, धंद्यानें शिंपी, शाळेची पायरी कधींही न चढलेला; लिहिणें त्याच्या पत्नीनें सुधारून घेतलें अशी त्याची ख्याति आहे. फुटलेल्या संस्थानांच्या सिनेटरांपैकीं एकटा हाच संघराज्याशीं एकनिष्ठ राहिला. श्रीमंत मळेवाल्यांवर त्याचा मोठा दांत होता. त्यामुळें हा आतां बंडखोरांना चांगलाच धडा शिकवील, असें कडव्या पक्षास वाटलें. परंतु मळेवाल्यांचा द्वेष करणें निराळें आणि मळ्यांवर राबणाऱ्यांची कणव असणें निराळें. २९ मे १८६५ च्या जाहीरनाम्यानें त्यानें बहुतेक सर्व बंडखोरांना माफी दिली. २० हजार डॉलरांहून अधिक मालमत्ता असणाऱ्यांनीं मात्र प्रत्यक्ष अध्यक्षांकडे अर्ज करावा असें ठरविलें. ज्यांनीं एके काळीं शिंप्याच्या पोराकडे पाहिलेंही नसतें ते आतां त्याच्या दारीं अर्ज घेऊन उभे राहिले. त्याला तें सुखावह वाटलें असावें. हजारों माफीपत्रें भराभर निघालीं.

या माफीची किंमत कोणीं दिली, तें पाहण्यासारखें आहे. १८६५ च्या जानेवारींत सेनापति शर्मन यानें सॅव्हाना शहर घेतल्यावर तेथील २० काळ्या धर्मोपदेशकांना व मंडळीच्या पुढाऱ्यांना भेटीस बोलाविलें. त्यांच्या वतीनें रेव्हरंड गॅरिसन फ्रेझर बोलले. हे ६७ वर्षांचे वृद्ध गृहस्थ. यांनीं स्वतःचें व आपल्या पत्नीचें स्वातंत्र्य पदरचे पैसे भरून विकत घेतलें होतें. तुम्हांला काय पाहिजे, असें विचारतां त्यांनीं भिक्षा मागितली नाहीं कीं सूडही मागितला नाहीं. आम्हांला जमीन मिळावी, ती आम्ही आपल्या कष्टानें कसूं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. चार दिवसांनीं शर्मननें हुकूम काढला आणि दक्षिण कॅरोलिनापासून फ्लॉरिडापर्यंतच्या किनाऱ्यावरील टाकून दिलेल्या मळ्यांची जमीन, कुटुंबास ४० एकरांपर्यंत, बंधमुक्तांना वांटण्याची व्यवस्था केली. सुमारें ४० हजार माणसें तेथें वसलीं. त्यांनीं नांगरलें, पेरलें, शाळा काढल्या.

आणि मग माफी मिळालेले मालक परत आले. जमीन त्यांना परत द्यावी, असें जॉन्सनचें फर्मान निघालें. हें वर्तमान एडिस्टो बेटावरील लोकांना सांगण्याचें काम सेनापति हॉवर्ड याच्यावर पडलें. बंधमुक्तांच्या साहाय्यासाठीं सरकारनें काढलेल्या खात्याचा हा मुख्य अधिकारी, युद्धांत एक हात गमावलेला, मनानें त्यांच्याच बाजूचा. ऑक्टोबर महिन्यांत बेटावरील चर्चमध्यें सभा भरली. त्याचें सांगणें ऐकून लोकांत इतका शोक उसळला कीं त्याला बोलणें अशक्य झालें. त्यांनीं तिघांची समिति नेमून हॉवर्ड व अध्यक्ष या दोघांस अर्ज लिहिले. ज्यानें आम्हांस फटके मारले त्याचीच चाकरी करा असें सांगतां, आणि आमचें रक्षण करणार तरी कोण, असा त्या अर्जांचा भाव होता. फर्मान बदललें नाहीं. आमच्या मतें या सबंध इतिहासांतील कळीची घटना हीच होय. पुढें जीं संकटें आलीं त्यांतील पुष्कळशीं, ज्याच्या पायाखालीं स्वतःची जमीन आहे त्याच्यावर इतक्या सहज आलीं नसतीं.

इकडे दक्षिणेंतील नव्या सरकारांनीं आपले कायदे केले. मिसिसिपींत काळ्या मजुरानें दर वर्षाच्या आरंभीं कामाचा लेखी करार दाखविला पाहिजे. मुदतीपूर्वीं काम सोडलें तर त्या वर्षाची मजुरी बुडाली. बेकार आढळला तर दंड, आणि दंड भरतां आला नाहीं तर त्याला मजुरीस लावून द्यावयाचें. पोरक्या व गरीब मुलांना 'उमेदवारी'च्या नांवाखालीं जुन्या मालकांकडेच ठेवण्याची सोय होती. आमच्याकडे वेठबिगार म्हणतात, तिचीच ही सख्खी बहीण.

१८६५ च्या डिसेंबरांत काँग्रेस भरली. प्रतिनिधिसभेची हजेरी घेणाऱ्या चिटणिसानें दक्षिणेंतून निवडून आलेल्यांचीं नांवेंच वाचलीं नाहींत. आमच्या विद्यार्थ्यांना हजेरींत नांव न येण्याचें महत्त्व सांगावयास नको! येथून अध्यक्ष व काँग्रेस यांचें उघड युद्ध जुंपलें. नागरिकत्वाच्या हक्कांचा कायदा काँग्रेसनें केला, जॉन्सननें तो नाकारला. १८६६ च्या एप्रिलांत काँग्रेसनें दोनतृतीयांश मतांनीं तो त्याच्या डोक्यावरून मंजूर केला. कायदा उद्यां कोणीही फिरवूं शकेल म्हणून त्याचें सार घटनेंतच घातलें गेलें. हीच १४ वी घटनादुरुस्ती: अमेरिकेंत जन्मलेला मनुष्य अमेरिकेचा नागरिक, आणि कोणत्याही संस्थानानें कोणासही कायद्याचें समान संरक्षण नाकारतां कामा नये. फुटलेल्या संस्थानांपैकीं टेनेसीखेरीज दहांनींही ती झिडकारली. त्याच उन्हाळ्यांत मेम्फिस व न्यू ऑर्लिअन्स येथें दंगे होऊन अनेक काळे लोक मारले गेले, तेव्हां उत्तरेंतील मतदारांचीही खात्री पटली. १८६७ सालीं काँग्रेसनें त्या दहा संस्थानांचे पांच लष्करी विभाग केले आणि काळ्या पुरुषांना मत देणारी नवी घटना केल्याशिवाय परत येतां येणार नाहीं असें बजाविलें. पुढील वर्षीं खुद्द जॉन्सनवर खटला भरला गेला. सिनेटमध्यें दोषी म्हणणारे ३५ व निर्दोष म्हणणारे १९ निघाले. दोनतृतीयांशांस एक मत कमी पडलें आणि तो बचावला.

१८७० सालीं १५ वी दुरुस्ती संमत होऊन वर्णावरून मत नाकारण्यास बंदी झाली. (स्त्रियांचें काय, असें आमच्या विद्यार्थिनी विचारतील. त्यांना देशभर मत मिळण्यास १९२० साल उजाडावें लागलें.) त्याच वर्षीं हायरम रेव्हेल्स नांवाचे काळे धर्मोपदेशक मिसिसिपीच्या वतीनें सिनेटमध्यें बसले, बंडखोरांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस एके काळीं याच संस्थानाचा सिनेटर होता. दक्षिण कॅरोलिनांत रॉबर्ट स्मॉल्स पुढें आला. हा जन्मानें गुलाम, चार्ल्स्टन बंदरांत बंडखोरांच्या 'प्लँटर' नांवाच्या आगबोटीवर नावाडी. १८६२ च्या मे महिन्यांत गोरे अधिकारी रात्रीं किनाऱ्यावर गेले असतां त्यानें आपलीं बायकामुलें व सोबती बोटीवर घेतले, कप्तानाची टोपी घातली, किल्ल्यांना नेहमींच्या खुणेच्या शिट्या दिल्या, आणि तोफांच्या माऱ्याखालून ती बोट उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केली! युद्धापूर्वीं त्याला लिहितांवाचतां येत नव्हतें. असा मनुष्य १८६८ सालीं आपल्या संस्थानाची घटना करणाऱ्या सभेंत बसला आणि सर्वांसाठीं मोफत शाळा असाव्यात म्हणून झगडला.

शाळांविषयीं थोडें अधिक लिहिलें तर वाचक आम्हां शिक्षकांस क्षमा करतील. दक्षिणेंत पुष्कळ ठिकाणीं गुलामास वाचावयास शिकविणें हा गुन्हा होता. बंदी उठतांच आजी व नात एका बांकावर बसून एकच मुळाक्षरें गिरवूं लागल्याचीं वर्णनें तेव्हांच्या शिक्षकांनीं लिहून ठेविलीं आहेत. दिवसां शेतावर आणि रात्रीं शाळेंत, असा क्रम कित्येकांनीं ठेविला. नॅशव्हिल येथें १८६६ सालीं फिस्क आणि व्हर्जिनियांत १८६८ सालीं हॅम्प्टन या संस्था निघाल्या. यांस मदत करणारी अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही संस्था १८४६ सालीं स्थापन झाली, तिची कथा आम्हांस लपविण्याचें कारण नाहीं. १८१३ सालीं मुंबईंत व पुढें अहमदनगरास ज्यांचे मिशनरी आले तें अमेरिकन बोर्ड गुलामगिरीविरुद्ध पुरेसें स्पष्ट बोलत नाहीं, या असंतोषांतून ती वेगळी निघाली होती. ज्यांच्या शाळांचे आमच्यावर उपकार आहेत त्यांच्या घरीं झालेला हा वाद आमच्या विद्यार्थ्यांनीं जाणून घ्यावा.

आमच्या महाराष्ट्रानें या घडामोडींकडे डोळे लावले होते, याचा पुरावा आहे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलें, तें त्यांनीं गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें. शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठीं आपल्या देशबांधवांनींही तो कित्ता गिरवावा, ही त्यांची आशा होती. ती अर्पणपत्रिका वाचतांना आम्हांस नेहमीं एक गोष्ट टोंचते. त्याच १८७३ सालीं, १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारीं, लुइझियानांतील कोलफॅक्स गांवीं कचेरीचा ताबा धरून बसलेल्या काळ्या लोकांवर सशस्त्र गोऱ्यांनीं हल्ला केला. निदान ६० जण, कदाचित् त्याच्या दुपटीहूनही अधिक, मारले गेले. कित्येक शरण आल्यानंतर. खटल्यांत तिघांना दोषी धरलें, पण १८७६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांनाही सोडलें. १४ वी दुरुस्ती संस्थानांच्या सरकारांना बांधते, खाजगी माणसांना नव्हे, असा न्यायालयाचा अर्थ होता.

असे हल्ले नवे नव्हते. कू क्लक्स क्लान ही बुरखेधाऱ्यांची टोळी १८६६ पासून मतदारांना, शिक्षकांना, पुढाऱ्यांना रात्रीं घरांतून ओढून मारीत असे. १८७१ सालीं अध्यक्ष ग्रँट यानें दक्षिण कॅरोलिनाच्या ९ जिल्ह्यांत लष्कर घालून ती मोडली. मन असलें म्हणजे मोडतां येते, एवढें त्यावरून दिसलें. परंतु तें मनच विटत चाललें होतें. दक्षिणेंतील नव्या सरकारांत लांचलुचपत झाली, रेल्वेच्या रोख्यांत पैसे खाल्ले गेले, हें खोटें नाहीं. मात्र त्याच काळांत न्यूयॉर्कच्या गोऱ्या पुढाऱ्यांनीं जें खाल्लें त्यामानानें तें किरकोळ होतें, आणि तेथें कोणीं गोऱ्यांचा मताधिकार काढून घ्या असें म्हटलें नाहीं. १८७३ च्या शरदांत मोठी मंदी आली. उत्तरेंतील मनुष्य आपल्या रोजगाराच्या चिंतेंत पडला, आणि दक्षिणेचें गाऱ्हाणें त्याला जुनें वाटूं लागलें.

१८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकींत टिल्डनला १८४ निर्विवाद मतें मिळालीं. १८५ मिळतां तर तो निवडून आला असता. हेझला १६५, आणि २० मतें वादांत. १५ जणांचें मंडळ नेमलें गेलें, आणि त्यानें प्रत्येक वादाचा निकाल ८ विरुद्ध ७ असा हेझच्या बाजूनें दिला. टिल्डनच्या पक्षानें तो अखेरीस गिळला, आणि १८७७ च्या एप्रिलांत हेझनें दक्षिण कॅरोलिना व लुइझियाना येथील सरकारांच्या पाठीशीं असलेले सैनिक बराकींत परत पाठविले. तीं सरकारें लगेच पडलीं. उत्तर व दक्षिण यांचा समेट झाला. ज्यांच्यावरून युद्ध झालें त्यांना त्या समेटाच्या बैठकीस कोणीं बोलाविलें नव्हतें.

पुढची अवस्था थोडक्यांत सांगतों. जमीन नसल्यामुळें बहुतेक काळे शेतकरी जुन्या मळ्यांवर अर्धेलीनें राबूं लागले. बीं-बियाणें व पोटाचें धान्य उधार, आणि हिशेबाची वही दुकानदाराच्या हातीं. आमच्या खेड्यांतील पालकांस याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं. १८९० सालीं मिसिसिपीनें नवी घटना केली. तिच्या मताधिकाराच्या कलमांत वर्णाचा शब्दही नाहीं. फक्त मतदारानें कर भरलेला असावा, आणि त्याला घटनेचें एखादें कलम वाचतां यावें किंवा वाचून दाखविल्यास त्याचा समाधानकारक अर्थ सांगतां यावा. समाधान कोणाचें? गोऱ्या नोंदणी-अधिकाऱ्याचें. आम्हीं पुष्कळ वर्षें परीक्षक म्हणून काम केलें आहे. उत्तर ऐकण्यापूर्वींच गुण ठरलेले असले तर विद्वानही नापास करतां येतो, हें आम्ही खात्रीनें सांगूं शकतों. लुइझियानांत १८९६ सालीं १,३०,३३४ काळ्या मतदारांची नोंद होती. १९०४ सालीं ती १,३४२ वर आली. १५ वी दुरुस्ती या अवधींत कोणीं रद्द केली नव्हती. ती जेथल्या तेथें छापलेली होती.

विसाव्या शतकाच्या आरंभींच्या अनेक इतिहासग्रंथांत हा सारा काळ अडाणी काळ्यांच्या व लुटारू परक्यांच्या कारभाराचा म्हणून रंगविला गेला, आणि पिढ्यानुपिढ्या मुलें तेंच शिकलीं. १९३५ सालीं डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या काळ्या विद्वानानें आपल्या भल्या मोठ्या ग्रंथांत हें चित्र उलटून दाखविलें, तेव्हां प्रतिष्ठित पंडितांनीं तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. आज त्याची वाट हमरस्ता झाली आहे. त्या जुन्या दुरुस्त्याही निरुपयोगी ठरल्या नाहींत. १९५४ सालीं शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरला तो १४ व्या दुरुस्तीच्या आधारें, आणि १९६५ चा मताधिकाराचा कायदा झाला तो १५ व्या.

रॉबर्ट स्मॉल्सचें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. तो पुढें अनेक वर्षें काँग्रेसचा सभासद होता. १८९५ सालीं त्याच्या संस्थानानें काळ्यांचा मताधिकार काढून घेण्यासाठीं घटनासमिति भरविली, तींत फक्त सहा काळे सभासद होते व त्यांतील एक तो होता. त्यानें कडाडून विरोध केला, आणि ठराव झाला तो झालाच. बोफर्ट गांवीं ज्या घराच्या मागील झोंपडींत तो गुलाम म्हणून जन्मला होता, तें मालकाचें घर त्यानें युद्धाच्या काळांतच लिलांवांत विकत घेतलें होतें. त्याच घरांत तो १९१५ सालीं वारला. मताधिकाराचा तो कायदा होण्यास तेव्हां अजून ५० वर्षें अवकाश होता.